सी-लिंकच्या तारा दोन-दोन दिसतायत! एचडीआरमध्ये मदत हवी आहे, अर्जंट

गिरगावचा_नवशिक्या:
वांद्र्याच्या किल्ल्यावरून संध्याकाळी सी-लिंकचे तीन फोटो काढले. एक बरा, एक काळाकुट्ट, एक पांढराफट्ट. एचडीआरसाठी, म्हणजे उजेड आणि सावली दोन्हीतले तपशील एकाच फोटोत यावेत म्हणून, तिन्ही जोडल्यावर तारा दुहेरी आणि पाण्यावर भुतासारखे डाग. परवा प्रिंट द्यायचीय. काय चुकलं?

एफ_आठ:
ट्रायपॉड होता? रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) की जेपेग? मोड कुठला? जोडलं कशात? काहीतरी सांगा हो.

कांदिवली_फास्ट:
एचडीआर म्हणजे फोटोचं वाटोळं. ढग कोळशाचे, इमारतींभोवती देवाच्या तसबिरीसारखी प्रभावळ. एकच रॉ काढा, सावल्या उचला, विषय संपला.

एफ_आठ:
मावळतीचा सूर्य फ्रेममध्ये असताना? पूर्ण जळलेलं आकाश रॉमधूनही परत येत नाही, आणि काळोखातल्या सावल्या उचलल्या की नॉइज (दाणेदारपणा) वर येतो. प्रभावळ टोन मॅपिंग (उजेड-काळोखातला फरक दाबणं) ताणल्यामुळे येते, फोटो जोडल्यामुळे नाही.

जुना_रोल:
हे काही नवीन नाही. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच माणसाने १८५० च्या दशकातच समुद्र एका निगेटिव्हवरून आणि आकाश दुसऱ्यावरून छापलं होतं.

मालवणी_मासा:
किल्ल्यावर ट्रायपॉड लावू देतात का? मला मरीन ड्राइव्हवर हटकलं होतं.

गिरगावचा_नवशिक्या:
ट्रायपॉड नव्हता, कठड्यावर ठेवला होता. दर वेळी उचलून सेटिंग बदललं. काळा फोटो तर पाचेक मिनिटांनी सुचला. जेपेग. पण त्याचा काय संबंध?

एफ_आठ:
अहो, सगळा संबंध तिथेच आहे! कॅमेरा हलला म्हणून तारा दुहेरी, लाटा हलल्या म्हणून डाग. पुढच्या वेळी अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) कायम, ऑटो ब्रॅकेटिंग (कॅमेरा स्वतःच काळा, बरा, पांढरा असे तीन फोटो काढतो) -२, ०, +२, सोबत दोन सेकंदांचा टायमर. बोट एकदाच लावायचं. फरक फक्त शटरच्या वेळेत पडायला हवा. आत्तापुरतं ह्युजिन हे फोटो जोडायचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, फुकट आहे. त्यातलं अलाइन इमेज स्टॅक तिन्ही फोटो जुळवतं, मग त्यातल्याच एन्फ्यूजने जोडा.

बोरिवली_बाय_नाइट:
एवढा खटाटोप कशाला? माझा फोन हे सगळं खिशातून काढेपर्यंत करतो.

एफ_आठ:
मग प्रिंटही खिशात मावेल एवढीच काढा.

गिरगावचा_नवशिक्या:
तारा जुळल्या!! कडेची थोडी फ्रेम कापली गेली, चालेल. पाणी मात्र तसंच.

एफ_आठ:
ते जुळणार नाहीच, दर फोटोत लाटा वेगळ्या. जोडलेल्या फोटोच्या वर तो बरा आलेला फोटो ठेवा आणि पाण्यापुरता मास्क करा, म्हणजे त्यातलं फक्त पाणी दिसू द्या. क्षितिजाशी ब्रश मऊ ठेवा.

कांदिवली_फास्ट:
म्हणजे शेवटी पाणी एकाच फोटोतलं. मी दुसरं काय सांगत होतो?