माणसांची जागा यंत्रं घेतात का?

कुणीतरी म्हटलंय, समुद्रविज्ञानाच्या प्रयोगशाळांतल्या माणसांच्या जागा भरल्या नाहीत तरी नवी यंत्रं आलीत, काम अडत नाही. अडतं हो! गोव्यातल्या दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने १९८१ साली समुद्रतळावरचे धातूंचे गोळे वर काढले, ते काम चिकाटीच्या माणसांचं. २०२१ साली केंद्र सरकारच्या खोल समुद्र मोहिमेला ४,०७७ कोटी रुपये मंजूर झाले. चांगलंच आहे. पण मी कंत्राटावर होतो त्या प्रयोगशाळेत (नाव नको) प्लवक (पाण्यासोबत वाहणारे बारीक जीव) ओळखणारे सर निवृत्त झाले आणि जागा रिकामीच राहिली. फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवणाऱ्या द्रवात) प्लवक ठेवलेल्या, पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठ्या असलेल्या त्यांच्या बाटल्या कपाटात तशाच. आम्ही जरा शिकतोय तोवर आमची मुदत संपली. आता त्या बाटल्या वाचणार कोण?