बागांचे दौरे आणि संचालकाचं शिक्षण

"वनस्पतिशास्त्राची पदवी असली की बाग चालवता येते, बाग-व्यवस्थापन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना एवढा खर्च करून देशोदेशीच्या बागांत फिरवायचं कशाला?" असं काही जण विचारतात. मला ते पटत नाही. सार्वजनिक बागेच्या संचालकाचा बराचसा वेळ अंदाजपत्रक, देणगीदार, विश्वस्त आणि कर्मचारी यांच्यात जातो. अमेरिकेत हे लवकर ओळखलं गेलं. पेनसिल्व्हेनियातली लाँगवुड गार्डन्स ही सार्वजनिक बाग आणि डेलावेअर विद्यापीठ यांनी १९६७ मध्ये त्यासाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. कॉर्नेल विद्यापीठातही असं शिक्षण मिळतं.

आता दौऱ्यांबद्दल. एकट्या पैशाचा प्रश्न घ्या. लाँगवुडला तिकिटाचं उत्पन्न आहे आणि बागेचे संस्थापक, उद्योगपती पिएर द्यू पाँ यांनी मागे ठेवलेल्या निधीचा आधारही. लंडनच्या क्यू या वनस्पतिबागेला सरकारी अनुदान मिळतं, तरी तिकीट लावावंच लागतं. सिंगापूरच्या बोटॅनिक गार्डन्समध्ये मात्र प्रवेश मोफत. पैसे फक्त आतल्या राष्ट्रीय ऑर्किड उद्यानासाठी. या फरकांमुळे बागेत कोण येतं, किती वेळ रमतं, संशोधनाच्या वाट्याला काय उरतं, हे सगळं बदलतं. ते तिथल्या माळ्यांशी आणि हिशेबनिसांशी बोलल्याशिवाय कळत नाही. (माळ्यांशी आधी बोलावं, असं माझं ठाम मत आहे.)

खर्चाची तक्रार रास्त आहे. त्यासाठी शिष्यवृत्त्या वाढवा, दौरे बंद करू नका.