मदत हवी आहे: पोलिसांनी पकडल्यावर मृत्यू, उद्या सकाळी पोस्टमॉर्टेम, पंचनाम्यावर सही करायची का?

रानवारा
चुलत भाऊ, वय ३४. संध्याकाळी एलसीबीवाल्यांनी (जिल्हा पोलिसांची स्थानिक गुन्हे शाखा) चौकातून उचलला, दोन तासांत गेला. हार्ट अटॅक म्हणतात. उद्या (रविवारी) सकाळी नऊला इथल्याच ग्रामीण रुग्णालयात पीएम. पंचनाम्यावर सही करा, जबाब द्या म्हणून मागे लागलेत. वकील सोमवारशिवाय भेटत नाही. सही करायची का नाही, एवढंच सांगा.

कोर्टनाका
जबाबात 'आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही' असं वाक्य आहे का? असेल तर सही नाही. पंचनामा कोण लिहितंय, पोलीस की न्यायदंडाधिकारी? मृत्यू गाडीत झाला, ठाण्यात की दवाखान्यात? कोणत्या गुन्ह्यात उचललं? राज्य महाराष्ट्रच ना?

रानवारा
महाराष्ट्रच. हवालदार लिहितोय. ते वाक्य आहे. मोबाईल चोरीचा संशय म्हणे, पण गुन्ह्याचा इथे काय संबंध?

कोर्टनाका
संबंध आहे. बीएनएसएस (सीआरपीसीच्या जागी आलेला नवा कायदा) कलम ४३ प्रमाणे अटकेला विरोध झाला तर आवश्यक तेवढं बळ वापरता येतं. पण ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्यातल्या माणसाचा जीव घेण्याचा अधिकार त्या कलमाने मिळत नाही. मोबाईल चोरीची शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं.
आता सही. पंचनाम्यावर आपल्या हाताने 'मृत्यूच्या कारणाबद्दल संशय आहे' एवढं लिहायचं, दिसतील त्या जखमा जागेसह लिहायच्या, मग सही, तारीख, वेळ. कोऱ्या कागदावर नाही. जबाबातलं ते वाक्य खोडल्याशिवाय तर मुळीच नाही.

बिनधास्त_बोला
प्रेतच ताब्यात घेऊ नका! एफआयआर होईपर्यंत. त्याशिवाय कोणी हलत नाही.

शवचिकित्सा
हा सल्ला अर्धवट आहे. ताब्यात नका घेऊ, पण पीएम अडवू नका. दबाव पोलिसांवर येतो, नुकसान पुराव्याचं होतं. शव कुजलं की वळ आणि कुजण्याचा रंग वेगळे करता येत नाहीत. मागणी एवढीच करा: न्यायवैद्यक विभाग असलेल्या मेडिकल कॉलेजला हलवा, दोन डॉक्टरांनी करा, पूर्ण व्हिडिओ घ्या. कोठडी मृत्यूच्या पीएमचं चित्रीकरण मानवाधिकार आयोगाने १९९५ पासूनच सांगितलंय, कोणी उपकार करत नाही.

भटका_जोशी
बेड्या घातल्या होत्या का? नव्या कायद्यात सराईत आरोपी, दहशतवाद, खून, बलात्कार वगैरेंनाच परवानगी आहे. चोरीच्या एका गुन्ह्यात बेड्या म्हणजे सरळ बेकायदा. यावर स्वतंत्र तक्रार होते.

रानवारा
बेड्या नव्हत्या हो. आता सांगतात अटकच केली नव्हती, नुसतं चौकशीला आणत होतो, म्हणून हा कोठडी मृत्यू नाहीच. आकस्मिक मृत्यू नोंदवलाय.

कोर्टनाका
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. नेहमीची पळवाट आहे. ताबा कागदावर अवलंबून नसतो. माणूस पोलिसांच्या हातात असला, मर्जीने जाऊ शकत नसला, की ताबा. सर्वोच्च न्यायालयाचा निरंजन सिंग निकाल (१९८०) वाचा, खटला महाराष्ट्रातलाच आहे.
आज रात्री अर्ज टाइप करा: जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टाकडे, बीएनएसएस १९६(२) खाली कोठडी मृत्यूच्या चौकशीसाठी. रविवारी सुट्टीचं रिमांड कोर्ट बसतं, तिथे द्या. प्रत एसपींना. अर्जात तीन मागण्या: दंडाधिकाऱ्यांसमोर पंचनामा, मेडिकल कॉलेजात पीएम, ठाण्याचं सीसीटीव्ही आणि स्टेशन डायरी जपून ठेवण्याचा आदेश. नातेवाइकांना चौकशीला हजर राहता येतं, तेही लिहा.

माहितीचा_हक्क
आरटीआय टाका, जीविताचा प्रश्न असला की ४८ तासांत माहिती द्यावी लागते. फुटेज मिळेल.

कोर्टनाका
मिळणार नाही, तपास सुरू आहे म्हणून आरटीआय कायद्याचं कलम ८(१)(ह) दाखवतील. आरटीआय नंतर. सर्वोच्च न्यायालयाच्या परमवीर सिंग सैनी निकालात (२०२०) ठाण्याचं फुटेज १८ महिने, निदान वर्षभर ठेवायचं ठरलंय, पण 'कॅमेरा बंद होता' हे उत्तर तयारच असतं. जपून ठेवायची मागणी आधीच लेखी गेली असली, तर ते उत्तरच त्यांच्या अंगाशी येतं.

फौजदार_निवृत्त
एकच बाजू चाललीय. झटापटीत हृदय बंद पडू शकतं. शिवाय सरकारी परवानगीशिवाय पोलिसांवर खटला चालत नाही, उगाच आशा लावू नका.

कोर्टनाका
परवानगी (आता बीएनएसएस कलम २१८) न्यायालयाने दखल घेताना लागते. एफआयआरला नाही, तपासालाही नाही. सर्वोच्च न्यायालयाचा देवराजा निकाल (२०२०) तुमच्या बाजूने थोडा झुकतो हे खरं, कर्तव्यातला अतिरेकही त्यात बसवलाय. पण तो वाद आज रात्रीचा नाही.

शवचिकित्सा
'झटापट' म्हणजे नेमकं काय? @रानवारा, त्याला कसं धरलं होतं, कोणी पाहिलं का?

रानवारा
मोबाईलच्या दुकानासमोर पालथा पाडला, तिघं पाठीवर बसले, एकाचा गुडघा मानेवर. दुकानदाराने पाहिलंय. श्वास येत नाही म्हणत होता.

शवचिकित्सा
सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगितलीत. पाठीवरच्या वजनाने छाती फुलत नाही, माणूस गुदमरतो, आणि शवावर खूणही उरत नाही असं होतं. म्हणून पीएम कोरा आला तरी घाबरू नका, पण डॉक्टरांना धरण्याची पद्धत लेखी द्या. ती माहीत नसेल तर त्या दिशेने शोधणारच नाहीत. मागा: मेंदू आणि छातीतले अवयव काढून रक्त उतरल्यावर मानेचं थराथराने विच्छेदन, हायॉइड हाड (गळ्यातलं) आणि थायरॉइड कूर्चा तपासणी, डोळ्यांतले रक्ताचे ठिपके, पाठ, पोटऱ्या, तळवे चिरून खोल रक्तस्राव. व्हिसेरा (रासायनिक तपासणीला पाठवायचे अवयव) संपृक्त मिठाच्या द्रावणात, हृदयाचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये. ही अदलाबदल झाली की रासायनिक तपासणी बाद.

फौजदार_निवृत्त
आणि नसांत ब्लॉक निघाला तर?

कोर्टनाका
तरी सुटका नाही. बीएनएस (आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १०० चं पहिलं स्पष्टीकरण: आजारी माणसाला इजा करून मृत्यू लवकर ओढवला, तर तो मृत्यू त्याच माणसाने घडवला असं धरतात. खून की सदोष मनुष्यवध, हा हेतू आणि जाणिवेचा प्रश्न.

बिनधास्त_बोला
अमेरिकेतल्या जॉर्ज फ्लॉइडचंच प्रकरण! मानेवर गुडघा, नऊ मिनिटं एकोणतीस सेकंद. तिथे पोलिसाला साडेबावीस वर्षं लागली, इथे बदली होते.

कोर्टनाका
तिथे दुकानासमोरचा मोबाईल व्हिडिओ होता, इथे दुकानाचा डीव्हीआर (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारं यंत्र) आहे. रानवारा, तो आत्ता. लहान डिस्क असेल तर आठवड्याभरातच जुनं पुसलं जातं. व्हॉट्सअॅपवरून क्लिप मागवू नका, दाबली जाते. पेनड्राइव्हवर मूळ फाइल घ्या, दुकानदाराकडून साक्ष अधिनियम कलम ६३ चं प्रमाणपत्र, हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदलली नाही हे दाखवणारा आकडा).

माहितीचा_हक्क
राष्ट्रीय आणि राज्य, दोन्ही मानवाधिकार आयोगांना मेल टाका.

कोर्टनाका
दोन्हीकडे नको. राज्य आयोगाकडे प्रकरण असलं की राष्ट्रीय आयोग हात घालत नाही. एकच निवडा, मुदत वर्षभराची. आणि दंडाधिकाऱ्यांच्या अहवालावर विसंबून राहू नका. बदलापूर प्रकरणात (२०२४, ताब्यातला आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला) अहवालाने पाच पोलिसांवर ठपका ठेवला, तरी गुन्ह्यासाठी हायकोर्टात झगडावं लागलं. एफआयआरचा अर्ज वेगळा: ठाणं, मग एसपी, मग शपथपत्रासह बीएनएसएस १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे. लोकसेवक असल्याने १७५(४) खाली वरिष्ठांचा अहवाल मागवतील, वेळ जाईल.

रानवारा
डीव्हीआर घेतला. मेडिकल कॉलेजला न्यायला तयार झालेत, पण शववाहिकेत त्यांचाच माणूस बसणार म्हणतात. बसू द्यायचं?

शवचिकित्सा
बसू द्या, तुमचाही एक बसवा. पिशवीच्या सीलचा नंबर निघताना आणि पोचल्यावर लिहून घ्या. अंगावरचे कपडे काढू किंवा धुऊ देऊ नका. पीएमनंतर ते वाळवून कागदी पाकिटात सील व्हायला हवेत. प्लॅस्टिकमध्ये बुरशी येते.