मदत हवी आहे: एकाच गाठीत दोन ग्रेड कसे?

बहिणीच्या स्तनात डीसीआयएस (अगदी सुरुवातीचा कॅन्सर) निघालंय, म्हणजे स्टेज ०. पेशी अजून दुग्धनलिकेतच आहेत, भिंत ओलांडलेली नाही. ('इन्व्हेजन नाही' ही ओळ ती दिवसातून दहादा वाचते.) सुईच्या बायोप्सीत ग्रेड (पेशी नॉर्मलपेक्षा किती वेगळ्या दिसतात ते, १ ते ३) २ होता, ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात मात्र २ आणि ३ दोन्ही. शिवाय ईआर (इस्ट्रोजेन हार्मोनचा रिसेप्टर) ६० टक्के पेशींतच पॉझिटिव्ह.

सुईत जेमतेम तुकडा येतो, म्हणून फरक पडतो, इतपत कळलं. पण एकाच गाठीतल्या पेशी इतक्या वेगवेगळ्या कशा? उरलेल्या ४० टक्क्यांवर हार्मोनच्या गोळीचा उपयोग होतो का? रेडिएशन ठरवताना वरचाच ग्रेड धरतात ना? पॅथॉलॉजीतलं कुणी असेल तर प्लीज सांगा, पुढच्या भेटीत डॉक्टरांना नेमकं काय विचारू?