मदत हवी आहे : दूध संस्थेचं ॲप प्ले स्टोअरमधून विकू की बाहेरून?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, एकटाच कोडिंग करतो. गावातल्या दूध संस्थांच्या सचिवांसाठी छोटं ॲप केलंय. फॅट-एसएनएफ (दुधातली चरबी आणि बाकीचे घन घटक) टाकलं की दर लागतो, दहा दिवसांचं बिल तयार. वर्षाची वर्गणी ६०० रुपये ठेवायचं ठरवतोय.

त्यातले १५ टक्के, म्हणजे ९० रुपये, प्ले स्टोअरचे. २०२२ च्या आधी पहिल्या वर्षी ३० टक्के कापायचे, त्यामानानं बरं म्हणायचं. गूगलच्या स्वतःच्या बिलिंगसोबत दुसरी पेमेंट पद्धत दिली आणि गिऱ्हाइकानं ती वापरली तर ४ टक्के कमी. पण उरलेले ११ द्यायचेच, वर पेमेंट गेटवेवाल्याचे (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीचे) वेगळे. मग काय उपयोग? याच बिलिंगच्या नियमांवरून स्पर्धा आयोगानं २०२२ मध्ये गूगलला ९३६ कोटींचा दंड केला होता. अपिलात तो बराच कमी झाला.

दुसरा मार्ग म्हणजे पैसे वेबसाइटवर घ्यायचे आणि ॲपमध्ये नुसतं लॉगिन ठेवायचं. हे नियमात बसतं, पण ॲपच्या आत 'इथं पैसे भरा' असं लिहिता येत नाही. मग सचिवांना कळणार कसं? प्रत्येकाला फोन करत बसू? व्हॉट्सॲपवर एपीके (स्टोअरशिवाय ॲप टाकायची फाइल) पाठवली तर धोक्याची सूचना बघूनच माणूस डिलीट करतोय, आणि त्यात त्याचं काय चुकलं?

कुणी असं बाहेरून विकलंय का? दुसऱ्या वर्षी नूतनीकरण किती जण करतात? आणि जीएसटीचं कसं बघता? उद्यमनगरच्या आसपास कुणी असेल तर चहाला येतो, समोरासमोर बोलू.