सातांतलं कोणतं? पिल्लू निवडतानाचे तुमचे अनुभव लिहा

आमची चंपी दिवाळीनंतर गेली. चौदा वर्षांची होती. तीन महिने घरात कुणी कुत्र्याचा विषय काढला नाही. मग गेल्या आठवड्यात आईच म्हणाली, "बाहेरून आलं की दाराशी कुणी येत नाही गं." आई ७१ वर्षांची आहे, दिवसभर घरात तीच असते.

तळेगावला ओळखीच्या घरी लॅब्राडोर व्यायली आहे. सात पिल्लं, पाच आठवड्यांची. रविवारी बघून आले. एक धावत येऊन माझ्या बुटाची नाडी ओढायला लागलं, एक कोपऱ्यात बसून होतं, उरलेली पाच मला एकसारखीच दिसली. चंपी पावसात भिजलेली सापडली होती, तेव्हा निवडायची वेळच आली नाही. आता सात जीव समोर आहेत आणि मला काही सुचत नाही.

ज्यांनी एका वेतातून पिल्लू निवडलंय त्यांनी कृपया लिहा. काय बघून घेतलंत आणि पुढे ते कसं निघालं? मला पुढचं जास्त ऐकायचंय. जात कुठलीही चालेल, गावठीसुद्धा.

सांगोला

आमच्याकडं आज्याच्या काळापासनं कारवानी जातीची कुत्री. आजा पिल्लू बघायला गेला की आधी जबडा उघडून टाळू बघायचा, ती काळी पाहिजे. मग नखं मोजायचा. साध्या कुत्र्याला अठरा असतात, मागच्या पायांना वरच्या अंगाला एकेक जास्त असलं की वीस. वीसनखी म्हणजे शूर, असं आमच्याकडं सगळेच मानतात. शेवटी कान धरून उचलायचा. केकाटलं की खाली ठेवायचा.

मी पहिल्यांदा स्वतः घ्यायला गेलो तेव्हा आज्याच्या सगळ्या कसोट्यांत बसणारा नर घेतला. काळी टाळू, वीस नखं, हूं का चूं नाही. त्याची बहीण गुलाबी टाळूची, अठरा नखांची, ती चुलत्यानं नेली. डाळिंबात रानडुकरं शिरली की ती पुढं आणि आमचा नर तिच्या मागं, हे आम्ही नऊ वर्षं बघितलं. वर ते जास्तीचं नख सैल लोंबतं, ते कुंपणाच्या तारेत अडकून दोनदा फाटलं. रक्त थांबेना.

आज्याबद्दल मला मानच आहे, जनावरावर जीव टाकणारा माणूस होता. पण आता मी टाळू बघत नाही, पिल्लांची आई बघतो. परक्या माणसाला अंगावर येते, का लांब उभी राहून भुंकते, का मालकाच्या पायामागं लपते. पिल्लं तिचंच बघून शिकत असतात. आणि ताई, कान धरून कुणी उचलायला लागलं तर हात धरा त्याचा. न ओरडणारं लेकरू भ्यालेलं असू शकतं.

जुन्नर

आम्ही मेंढरं राखतो. पिल्लू दुसऱ्या वाड्यावरचंच आणतो, मेंढरांच्या वासात वाढलेलं. कोकरू जवळ आल्यावर जे त्याचं तोंड चाटतं आणि गप पडून राहतं ते घ्यायचं. कोकरामागं पळणारं सोडायचं, खेळता खेळता पुढं लचका तोडतं. आमचा बिबट्याचा भाग, म्हणून मोठं झाल्यावर गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतो.

ठाणे

आम्हाला सांगितलं गेलं "४५ दिवसांचं आहे". डॉक्टरांनी दात बघून सांगितलं, महिन्याचंही धड नाही. विकणाऱ्याने आई दाखवली नव्हती, गाडीतून टोपलीत आणून दिलं होतं. आम्ही टोपलीतलं पहिलं हाताला आलेलं घेतलं.

ते जगलं, आज पाच वर्षांचं आहे. पण पहिली दोन वर्षं त्याच्या चावण्यात गेली. भावंडांशी कुस्ती खेळताना जोरात चावलं की समोरचं ओरडतं, खेळ थांबतो, आई दटावते; दात किती रोवायचे हे पिल्लू तिथे शिकतं. आमच्या बाळ्याला ते मिळालंच नाही. माझ्या मुलीच्या मनगटावर अजून व्रण आहे.

४५ दिवस हा आकडा बाजारात सर्रास चालतो म्हणून मुद्दाम लिहिते: २०१७च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. म्हणजे ५६ दिवस. तुमच्या ओळखीच्यांनी लवकर न्यायला सांगितलं तरी नेऊ नका.

नागपूर

माझा अनुभव थोडा लांब आहे.

डाल्मेशियनची आठ पिल्लं होती. सगळी गोंधळ घालत होती आणि एक शांत झोपलेलं होतं. आम्ही बोललो, टाळ्या वाजवल्या, बाकीची उड्या मारत आली, हे गाढ झोपेत. बायको म्हणाली, असंच शांत हवं. जागं केल्यावर बघितलं तर एक डोळा निळा. मी तर तिथेच विरघळलो.

दोन आठवडे आम्ही त्याला नावाने हाका मारत होतो. मग एक दिवस स्वयंपाकघरात परात पडली. शेजारच्या घरातलं बाळ रडायला लागलं आणि आमचा मोती डोळे मिटून पडलेला. तो जन्मापासून बहिरा आहे. नंतर कळलं की या जातीत हा दोष बराच आढळतो, अंगावरच्या पांढऱ्या रंगाशी त्याचा संबंध आहे, आणि निळ्या डोळ्याच्या पिल्लांत तो जास्त दिसतो. मी ज्याच्यावर भाळलो तीच खूण होती.

त्या घरच्यांनाही कळलं नव्हतं, कारण भावंडांत असताना बहिरं पिल्लू ओळखू येत नाही. बाकीची उठली की तेही उठतं, ती पळाली की तेही पळतं. म्हणून तपासायचं तर पिल्लाला एकट्याला दुसऱ्या खोलीत न्या आणि त्याच्या पाठीमागे आवाज करा. पाय आपटू नका, जमिनीची थरथर त्याला कळते. टाळीही कानाजवळ नको, हवेचा झोत लागतो.

मोती आता सात वर्षांचा आहे. हाताच्या खुणा अकरा शिकलाय. रात्री अंगणातून बोलवायचं असलं की आम्ही दिवा दोनदा चालू-बंद करतो. पट्ट्याशिवाय त्याला आजवर एकदाही रस्त्यावर सोडलेलं नाही. तो दुसऱ्या कुणाच्या घरी गेला असता तर त्याचं काय झालं असतं, हा विचार मला अजून येतो.

नाशिक

मी पशुवैद्य आहे. वरचं ठाण्याचं आणि नागपूरचं पुन्हा वाचा, मी तेच सांगणार होतो.

भर घालतो. नगाऱ्यासारखं पोट बघून लोक "गुटगुटीत आहे" म्हणतात. बहुतेकदा ते जंत असतात, जे आईच्या पोटातूनच पिल्लात येतात. जंताचं औषध कधी कधी दिलं, तारखा विचारा. बेंबीपाशी मऊ गाठ आहे का, बोट फिरवून बघा. हिरड्या गुलाबी हव्यात. लॅब्राडोर आहे म्हणून खुब्याच्या सांध्यातल्या दोषाचं विचारा: पिल्लाकडे बघून काही कळत नाही, आईबापांचे मोठेपणी काढलेले एक्स-रे असतील तर बघायला मागा. आणि एका दिवशी दोन घरची पिल्लं बघू नका. पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबांचा विषाणू, बुटाच्या तळव्यातून जातो, मातीत महिनोन् महिने टिकतो. साध्या फिनाईलने तो मरत नाही, ब्लीचने मरतो. लस आठव्या आठवड्याच्या सुमारास सुरू झाली तरी सोळाव्यापर्यंत डोस पूर्ण करावे लागतात. मधल्या काळात सोसायटीच्या आवारात खाली सोडू नका, पण कडेवर घेऊन जरूर फिरवा.

लेस्टर, इंग्लंड

इथे एप्रिल २०२० पासून कायदाच आहे की मधल्या दलालाने पिल्लू विकायचं नाही; जिथे जन्मलं तिथे, आईसोबत बघूनच घ्यायचं. आम्ही तीन घरी गेलो. तिसऱ्या घरी कुत्रीने स्वतः येऊन माझ्या मुलाचा हात हुंगला आणि पिल्लांजवळ बसू दिलं. पिल्लू मग पाच मिनिटांत ठरलं.

फोंडा

दोघी बहिणी एकत्र आणल्या, एकमेकींना सोबत होईल म्हणून. त्या एकमेकींतच रमल्या, आमचं ऐकेनात. दोघींना वेगवेगळं फिरवायला आणि शिकवायला लागल्यावर सुधारल्या. एकच आणा.

कोल्हापूर

ताई, तुमचं ते कोपऱ्यातलं. मीही कोपऱ्यातलंच आणलं होतं. मला बघून भिंतीत शिरायला बघत होतं आणि माझ्या पोटात कालवलं. आठ वर्षं झाली. कुणी पाहुणा आला की ती पलंगाखाली, दिवाळीत चार दिवस बाथरूममध्ये, मी तिच्याजवळ चादर घेऊन. त्या आठ वर्षांत आम्ही सगळे मिळून एकदाही गावाला गेलो नाही. तिला आणल्याचं मला दुःख नाही, ती माझी आहे. पण तुमची आई घरी एकटी असते. पलंगाखालच्या कुत्र्याला हाताने भरवायला रोज जमिनीवर बसावं लागतं.

पुणे

कुत्री शिकवणं हे माझं काम. सातव्या-आठव्या आठवड्यात पिल्लाचा स्वभाव जोखायला घेतात त्या परीक्षांवर मी पूर्वी फार विसंबायचो. १९९८ साली स्वीडनमधलं एक संशोधन प्रसिद्ध झालं, जर्मन शेफर्डच्या ६३० पिल्लांचं. आठव्या आठवड्यातल्या परीक्षेवरून मोठेपणी कामाला कोणतं योग्य निघेल ते सांगता आलं नाही. माझ्या हातून गेलेल्या कुत्र्यांतही हेच दिसतं.

तरी एक गोष्ट मी करतो. थोड्या अंतरावर स्टीलची वाटी टाकतो. दचकलं तर हरकत नाही, दचकावंच. नंतर किती वेळाने ते वाटी हुंगायला जातं ते बघतो. आणि घरच्यांना विचारतो, पिल्लांनी मिक्सर ऐकलाय का, कुकरची शिट्टी ऐकली आहे का, लहान मुलांनी हाताळलंय का. तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात जे ओळखीचं होतं ते पुढे सोपं जातं. एकदा बघून ठरवू नका. तीनदा जा, वेगवेगळ्या वेळी.

तळेगावहून परत आल्यावर

तीनदा गेले. दुसऱ्यांदा आईला घेऊन, जेवणाच्या आधीच्या वेळी. ते कोपऱ्यातलं त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे होतं! पहिल्या वेळी पोट भरून सुस्तावलं होतं, एवढंच. नाडी ओढणारं मात्र तिन्ही वेळा तसंच. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आईचे गुडघे दुखतात. त्याला माझ्यासारखीच पण धावणारी कुणीतरी हवी.

वाटी टाकली तेव्हा "एकसारख्या" पाचांतली एक मादी दचकून माझ्या आईच्या पायाशी गेली. दहापर्यंत मोजेस्तोवर वाटीपाशी परत आली आणि ती ओढत आईकडे घेऊन गेली. हिरवी फीत बांधलेली. वेगळ्या खोलीत नेऊन पाठीमागे किल्ल्या वाजवल्या, वळून बघितलं. तिची आई सगळा वेळ शेपूट हलवत शेजारी.

शनिवारी ५७ वा दिवस, तेव्हा आणणार. तिच्या आईच्या अंगाखालचं एक फडकं सोबत द्यायला सांगितलंय. आईने आज चंपीचं पाण्याचं भांडं माळ्यावरून काढून घासलं आणि दाराशी उपडं ठेवलंय.