कुंडीतले पांढरे स्प्रिंगटेल: फोल्सोमिया की दुसरं काही?

प्रश्न: कुंडीच्या मातीत 2 मिमीचे, लांबट, पांढरे स्प्रिंगटेल (मातीत राहणारे, बिनपंखी, उड्या मारणारे बारीक जीव) आहेत. डोळे दिसत नाहीत. फोल्सोमिया कँडिडा (स्प्रिंगटेलची एक पांढरी, बिनडोळ्यांची जात) म्हणावेत का?

उत्तर 1: नुसत्या रंगावर जाऊ नका. ब्रशने डिवचा. उडी मारली नाही तर उताणं करून पोटाखालचा, उडी मारायचा दुभंगलेला काटा शोधा. काटा नाही आणि मिशा आखूड, जाडसर असतील तर बहुधा ऑनिकियुरिडी (स्प्रिंगटेलचं बिनकाट्याचं कुळ).

उत्तर 2: काटा असेल तर पोटाचे खंड मोजा. फोल्सोमियात चौथा ते सहावा खंड एकजीव असतो. चौथा तिसऱ्याच्या कितीतरी पट लांब दिसला तर एंटोमोब्रिडी (स्प्रिंगटेलचं आणखी एक कुळ). 70 ते 80 टक्के अल्कोहोलमधला नमुना अपारदर्शकच राहतो. आधी लॅक्टिक ॲसिडमध्ये पारदर्शक करा, मगच स्लाइड. नाहीतर सांधे दिसतच नाहीत, मोजणार काय?

उत्तर 3: आणि मोबाइलच्या फोटोवर ‘कँडिडा’ लिहू नका. केसांची मांडणी 400 पट मोठी करूनच कळते.